शेवटच्या पेवातली हळद

सकाळचं ऊन आमच्या प्रयोगशाळेत घाईनं येत नसे. कुंपणापलीकडच्या उसाच्या तुऱ्यांवर ते आधी बराच वेळ रेंगाळे, मग तारेवरून अलीकडे उतरे, आणि पूर्वेच्या खिडकीतून आत शिरताना इतकं पातळ झालेलं असे की हे ऊन आहे की नुसता सांडलेला उजेड, हे कळू नये. पहिल्यांदा स्टीलच्या टेबलाची कड उजळे. मग नळाची वाकडी मान. मग धुऊन उपड्या घातलेल्या काचेच्या नळ्या, एकेक करून, जणू कुणी त्यांना नावानं हाक मारत असावं. आमच्या हवेत हळदीची धूळ कायमच असे. एरवी ती दिसत नसे. पण त्या तिरप्या पट्ट्यात आली की तरंगू लागे, वर जाई, खाली येई आणि कुठंच पोचत नसे. त्या उजेडात विशेष असं काही नव्हतं. त्या वेळी तालुक्यातल्या प्रत्येक अंगणात, प्रत्येक गोठ्याच्या दावणीवर तेच ऊन पडलेलं असणार. तरी मी रोज सगळ्यांच्या आधी येऊन ते पाहत बसे. कुणाशी बोलावं लागत नसे, हे एक कारण. दुसरं कारण असं, की जाड भिंतीपलीकडे आमच्या विकिरण केंद्राचा दुसरा उजेड होता आणि तो कुणालाच दिसत नसे. खोल पाण्याच्या टाकीतून कोबाल्टच्या कांड्या वर आल्या की पट्ट्यावरून सरकणाऱ्या मिरचीच्या, धण्याच्या, हळदीच्या पोत्यांतून किरणं आरपार जात आणि आतले जंतू आवाज न करता मरत.

ते खरोखर मेले का, हे पाहण्याचं काम माझं होतं.

त्या दिवशी ऊन टेबलाच्या मध्यावर आलं तेव्हा मी इन्क्युबेटरमधली, नमुन्यातले जंतू वाढवून पाहायची प्लेट काढून त्यात धरली. प्लेटवर गुलाबी ठिपके होते. कच्च्या डाळिंबाच्या दाण्यांसारखे, गोल, ओलसर, भरपूर. एवढ्या किरणांतून गेलेल्या हळदीत असं काही उरायला नको होतं. मी प्लेट उलटी करून नमुना कुणाचा ते वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"प्लेटला दृष्ट लावतोयस का रे?" मागून अस्मा मुजावरचा आवाज आला. ती माझ्याबरोबर तपासणीला होती. मिरजेहून सकाळच्या बसनं येई आणि आली की खोलीतली शांतता संपे. "तुझं तोंड बघून वाटतंय, एक तर काहीतरी नापास झालंय, नाहीतर तुझं लग्न ठरलंय."

"नापास झालंय."

"मग हसतोयस कशाला?"

मी हसत होतो, हे मला तिनं सांगितल्यावर कळलं.

नमुना नेमगोंडा आप्पांचा होता. कृष्णाकाठी आमचं गाव आहे. तिथं पूर्वी हळद पेवात ठेवत. पेव म्हणजे जमिनीखाली खणलेली घागर. तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढं आणि आत पोट खोलीएवढं. त्या मातीत हळद वर्षानुवर्षं राही, तिला कीड लागत नसे, तिचा रंग उलट गडद होई. माझे वडील बाळगोंडा हे पेव उघडणाऱ्यांतले सर्वांत जुने. बंद पेवात हवा विषारी होते, म्हणून तोंड उघडल्यावर आत वारं खेळू द्यायचं आणि मगच उतरायचं, हे गावातलं शेंबडं पोरही जाणत असे. महापूर ओसरल्यावर, मी बारावीत असताना, वडील नेमगोंडा आप्पांच्या पेवात उतरले आणि जिवंत वर आले नाहीत.

पेव आप्पांचं, आतली हळद आप्पांची, आणि गेले ते माझे वडील. मला एवढं पुरेसं होतं. आप्पा दुखवट्याला आमच्या दाराशी आले तेव्हा मी त्यांच्या तोंडावर दार लावून घेतलं. मी, ज्यानं तोवर मास्तरांनासुद्धा मान वर करून उत्तर दिलं नव्हतं. पुढं मी आईला घेऊन गाव सोडलं.

मुखदुर्बळ माणसाचा सूड बडबड करत नाही. तो वाळून पडून राहतो. या गुलाबी जंतूंविषयी मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्यांच्याविषयी आपुलकी वाटली होती, ती याचमुळं. माणसाला ते काहीही अपाय करत नाहीत. पाण्याचा थेंब नसताना वर्षानुवर्षं पडून राहतात, आणि जो जंतू असा कोरडेपणा सोसतो तो किरणंही सोसतो. दोन्हींतून त्याला तारणारी वस्तू एकच असते.

अपाय करत नसले तरी परदेशी ग्राहक जंतूंची एकूण संख्या पाहतो, जात नव्हे. आप्पांनी सगळा माल पाठवण्याआधी एक पोतं नमुन्यादाखल पाठवलं होतं. ते नापास, म्हणजे माल नापास. आणि उपाय माझ्या समोर, उन्हात, लख्ख दिसत होता. आप्पा जुन्या रीतीनं हळद सालीसकट, न घासता पेवात भरत. जंतू त्या सालीवरच्या धुळीत होते. ड्रममध्ये घासून साल काढली, धूळ उडवून लावली, की उरतील ते किरणांना पुरून उरणार नाहीत. हे मी इतर कुणालाही सांगितलं असतं. आप्पांना सांगायचं नाही, एवढंच करायचं होतं. मला खोटं बोलावं लागणार नव्हतं, काही बिघडवावं लागणार नव्हतं. असा स्वच्छ सूड कितीजणांच्या वाट्याला येतो?

मी फोन केला आणि निकाल ऐकायला यायला सांगितलं. निकाल फोनवरही सांगता आला असता. पण मला त्यांचा चेहरा पाहायचा होता.

दुपारी आप्पा आले. जिना चढून दाराशी बराच वेळ दम खात उभे राहिले. पांढरी टोपी, धुवट सदरा, आणि सदऱ्याच्या आत पूर्वीपेक्षा निम्मा माणूस.

"बसा," मी म्हणालो.

"बसतो की. खुर्ची सरकारी हाय का खाजगी? सरकारी असली तर जपून बसाय पाहिजे."

अस्मा हसली. "पाणी देऊ का काका?"

"गाळलेलं हाय नव्हं?"

"फिल्टरचं आहे."

"मग दे बाई." पाणी पिऊन त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "आपल्या जैनांत जीव मरू नये म्हणून पाणी गाळून पितात, आणि बाळगोंडाच्या पोरानं जीव मारायचीच नोकरी धरली. तुझ्या बापाला काय वाटलं असतं रं?"

"त्यांचं नाव तुम्ही घेऊ नका."

अस्मा पेला उचलताना थबकली. आप्पा म्हणाले, "बरं. न्हाई घेत." ते रागावले नाहीत, याचाच मला राग आला.

"तुमची हळद नापास झाली आहे," मी सांगितलं.

ते चेहऱ्यावर काही येऊ देणार नाहीत, असं मला वाटलं होतं. पण त्यांचा खालचा ओठ सैल पडला आणि ते एकदम फार म्हातारे दिसले. ते दृश्य मी घोटाघोटानं प्यालो.

"आणखी किरणं द्या की."

"कायद्यानं ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त देता येत नाहीत."

"मग बाकीच्यांची कशी पास हुते? माझ्याच हळदीनं काय पाप केलंय?"

खरं म्हणजे मलाही तेच कोडं होतं. असे जंतू इतर हळदीतही एखाददुसरा सापडतो. एवढे कधीच नाहीत. मी विचारलं, "पेवाला आतून काही लावलं होतं का?"

"लावलं न्हाई. धुतलं." आप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "पुरात आत सगळं कुजलं होतं. आणि मग ते… ते झालं. तसल्या पेवात परत माल कसा भरायचा? मग विहिरीत टाकत्यात ते जांभळं औषध, परमँगनेट, त्याचं पाणी करून भिंती धुतल्या. एकदा धुऊन मन भरंना. परत धुतल्या. जांभळ्याच्या तपकिरी झाल्या, तपकिरीच्या काळ्या. म्हटलं, एक जंतू राहाता कामा नये."

मी टेबलावरची प्लेट पुन्हा हातात घेतली.

"परमँगनेटमध्ये मँगनीज असतं," मी म्हणालो. माझा आवाज मला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. "भिंतींवर जो काळा थर बसला तो मँगनीजचा. ते हळूहळू हळदीच्या धुळीत उतरलं, आणि या जंतूंना तेच हवं होतं."

"म्हंजे मारायला घातलं, ते त्यांनी खाल्लं?"

"साठवलं. साध्या जंतूंच्या पेशीत लोह जास्त असतं, ते किरणांपुढं लगेच मरतात. यांच्यात मँगनीज जास्त."

"आणि त्यानं किरणं अडतात?"

"नाही. किरणं अशी अडत नाहीत." मी नको तितका बोलत होतो; पण हा एकच विषय असा होता, ज्यावर मला थांबता येत नसे. "प्रत्येक पेशीत एक लांब धागा असतो, तिचा सगळा संसार त्यावर लिहिलेला असतो. किरणं तो धागा तोडतात. या गुलाबी जंतूंचाही तुटतो, तुकडे तुकडे होतात. पण धागा तुटल्यानं पेशी मरतेच असं नाही, कारण तुकडे सांधणारी प्रथिनं आत असतात. घात होतो तो वेगळा. किरणांमुळं पेशीतल्या पाण्यातून प्राणवायूचं जहाल रूप तयार होतं आणि ते त्या सांधणाऱ्यांनाच जाळतं. मँगनीज त्या जहाल वायूला निववतं. त्यामुळं सांधणारे शाबूत राहतात. सगळं शांत झालं की ते तुकडे शोधून पुन्हा जोडतात, आणि काही तासांत पेशी पहिल्यासारखी होते."

आप्पा म्हणाले, "म्हंजे फाटायचं ते फाटतंच. शिवणारा जगला पाहिजे."

अस्माला तेवढ्यात पट्ट्याकडून बोलावणं आलं आणि ती गेली. आम्ही दोघंच उरलो.

"श्रेणिक, माझी बाकीची पेवं पुरात ढासळली. हे एकच उरलंय," आप्पा म्हणाले. "पोरगं म्हणतंय, बुजवा आणि प्लॉट पाडा. मी म्हटलं, एवढा माल परदेशी जाऊ दे, पेवातल्या हळदीला गिऱ्हाईक हाय हे दिसू दे, मग कोण बुजवतोय बघू. आता त्याला काय तोंड दाखवू? यावर काय उपाय हाय का?"

हाच तो क्षण होता. मी त्याची कितीतरी रूपं मनात रंगवली होती. पण तो इतका मऊ, इतका हाताशी येईल असं वाटलं नव्हतं.

"आमचं काम तपासायचं आहे," मी म्हणालो. "उपाय सांगायचं नाही."

"तसं असंल तर बुजवायलाच पाहिजे."

"बुजवा. माझे वडील ज्या पेवात गेले, त्यात माती पडलेली मला चालेल."

आप्पांनी टोपी डोक्यावर घातली, नीट केली आणि खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले. मी वाट पाहत होतो. त्यांनी ओरडावं, माझ्या साहेबांकडं जावं, निदान शाप द्यावा. ते म्हणाले, "मनात हुतं, ते बोललास. बरं झालं." आणि जिन्याचा कठडा धरून, प्रत्येक पायरीला थांबत, खाली उतरले.

संध्याकाळी नळ्या धुताना अस्मानं विचारलं, "काकांना सांगितलंस ना, हळद घासून पाठवा म्हणून?"

"ते आपलं काम नाही."

"आपलं काम नाही? परवा त्या धणेवाल्याचं डोकं खाल्लंस फोनवर, धणे असे चाळा, तसे वाळवा." तिनं नळ बंद केला. "श्रेणिक, तू गरीब आहेस म्हणून सगळे तुला चांगला समजतात. ते दोन वेगळे असतात, बरं का."

मला त्या दिवशी कुणीही काहीही बोलावं, असा मी तृप्त होतो.

घरी आलो तेव्हा आई मावळतीआधी जेवायला बसली होती. सूर्य बुडाल्यावर ती घास घेत नसे. मी तिच्यासमोर बसलो आणि इतक्या वर्षांत प्रथमच ते नाव आमच्या घरात उच्चारलं.

"नेमगोंडा आप्पांची हळद मी नापास केली."

"केलीस, का झाली?"

"झाली. पण ती पास व्हायला मार्ग होता. मी सांगितला नाही. आता ते पेव बुजवणार आहेत."

मी तिच्या चेहऱ्यावर जे शोधत होतो, ते तिथं नव्हतं. तिनं हातातला घास परत ताटात ठेवला.

"मी त्यांचं नाव घेत नाही, ते तुला रागानं वाटलं होय?"

"मग कशानं?"

"लाजेनं." बाहेर अजून उजेड होता, तरी तिनं ताट बाजूला सारलं. "तुझ्या वडिलांचा आवाज यायचा बंद झाला, तेव्हा सगळा गाव काठावर उभा होता. दोरी कमरेला बांधून कोण उतरलं? तोंडाला ओला टॉवेल गुंडाळून, बायको वरून किंचाळत असताना, कोण उतरलं? वडलांना वर काढलं ते त्यांनी. स्वतः वर आले ते काळेनिळे होऊन. त्या दिवसापासून त्या माणसानं धड श्वास घेतलेला नाही. आणि तो दारात आला तर तू दार लावलंस, आणि मी आत बसून राहिले. मला उठता आलं असतं."

"पण त्यांना उतरवलं कुणी? हळद कुणाची होती?"

आईनं माझ्याकडं पाहिलं. तिच्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"ते मला नको विचारू. वडील उतरले तेव्हा मी घरी होते, बाळ. तिथं तू होतास."

मी उठून बाहेर गेलो. त्या रागावर मी इतकी वर्षं जगलो होतो, त्यावर शिकलो होतो, त्यानं मला परक्या गावात ताठ उभं ठेवलं होतं. तो हातातून निसटतोय असं वाटून मी तो आणखी घट्ट धरला. मनात म्हणालो, उतरले असतील. पाप होतं म्हणून उतरले असतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर न जाता गावाकडची बस धरली. का, हे मी स्वतःला सांगितलं नाही. पेवातली हळद पोत्यांत भरून बाहेर रचलेली होती आणि शेजारी मातीनं भरलेली ट्रॉली जोडून ट्रॅक्टर उभा होता. आप्पा पेवाच्या तोंडाशी पोत्यावर बसले होते आणि त्यांचा मुलगा ट्रॉली कशी लावायची, ते हातवारे करून सांगत होता.

मी जवळ गेलो. नमस्कार न करता, पत्र वाचून दाखवावं तसं बोललो. "हळद ड्रममध्ये घासून घ्या. साल आणि धूळ पूर्ण काढा, धुळीचा कण राहता कामा नये. मग नवा नमुना पाठवा. पास होईल."

आप्पांनी मान वर केली. "हे काल ठाऊक हुतं?"

"होतं."

त्यांचा मुलगा पुढं सरसावला. "म्हंजे काल मुद्दाम—"

"गप रं," आप्पा म्हणाले. "ट्रॅक्टर माघारी लाव. ही माती उद्या बांधावर टाकू." मग ते हसले, हसताना खोकले, आणि खोकला थांबेपर्यंत मला हातानं थांबवून ठेवलं. "चहा घे."

"नको."

"का? अजून राग हाय?"

"आहे."

"असू दे की. माझी काय तक्रार न्हाई. बाप गेल्यावर पोरानं कुणावर तरी राग धरायलाच पाहिजे, आणि गेलेल्या माणसावर धरता येत न्हाई. मी म्हटलं, माझ्यावर धरतोय तर धरू दे." त्यांनी श्वास गोळा केला. "पण एक इचारतो. तू बापाची भाकरी घेऊन आला हुतास. हितं, ह्या जागंवर उभा हुतास. तुला खरंच आठवत न्हाई?"

"नाही," मी म्हणालो आणि बसच्या वाटेला लागलो.

नवा नमुना पास झाला. प्लेट स्वच्छ होती. मी ती उन्हात धरून बराच वेळ पाहिली. आप्पांची हळद परदेशी गेली आणि पुढची काही वर्षं त्या पेवात हळद भरली जात राहिली. आप्पा गेल्याचं अस्मानं मला कळवलं. ती तोवर त्यांच्या घरी सणावाराला जाऊ लागली होती. मी अंत्यदर्शनाला गेलो नाही. आई जाऊन आली.

वडील गेले त्या दिवशी पेवाचं तोंड नुकतंच उघडलं होतं. आप्पा दोन्ही हात आडवे करून वडिलांच्या समोर उभे राहिले होते आणि म्हणाले होते, "बाळगोंडा, हळद जाऊ दे, आज कुणी उतरायचं न्हाई." वडिलांनी त्यांना बाजूला ढकललं आणि ते उतरले. मी ते पाहिलं होतं.